हेवी लायसन हातात आलं, आता पहिली गाडी कोणाकडे धरायची?

माझा पहिला हिशोब कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात झाला. २२ दिवस गाडीवर होतो, तीन फेऱ्या मारल्या होत्या, मनात चौदा-पंधरा हजारांचा आकडा धरून बसलो होतो. मुनीमजींनी वही उघडली आणि एकेक ओळ वाचायला लागले. खर्चीतला, म्हणजे वाटखर्चाला आगाऊ दिलेल्या पैशातला फरक. डिझेल जास्त लागलं. दोन गोण्या कमी उतरल्या. ताडपत्री फाटली. एक चलान. शेवटी हातात ३,१०० रुपये ठेवले. भांडायला तोंड नव्हतं. रुजू होताना मी एकच प्रश्न विचारला होता, 'पगार किती?' आणि त्याचं उत्तर त्यांनी खरंच दिलं होतं. त्यातून कापणार काय काय, हे मी विचारलंच नव्हतं.

पुढे बरीच वर्षं गाडी चालवली. आता एका फ्लीटमध्ये ड्रायव्हर भरतीचं बघतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसतो. समोर येणारी नवीन पोरं आजही तोच एक प्रश्न विचारतात. म्हणून हे लिहितोय. सगळं महाराष्ट्रातल्या मालवाहतुकीपुरतं आहे.

आधी आपले कागद

ट्रान्सपोर्ट वाहनाच्या लायसनसाठी वय किमान २० लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन एक वर्ष जुनं असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे 'शाळा सुटली होती, आता मिळेल का' ही चिंता सोडा. हे लायसन ५ वर्षांचं असतं. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं. म्हणजे हेवी येईपर्यंत घरी बसायची गरज नाही. वर्षभर छोटा टेम्पो चालवा, माल बांधायला शिका, बिल्टी (मालासोबतचा वाहतुकीचा कागद) आणि पोच पावतीची सवय लावा. माझ्यासमोर असा पोरगा आला तर नुसतं हेवी लायसन घेऊन आलेल्याआधी मी त्याला घेतो.

लायसन डिजिलॉकरमध्ये काढून ठेवा. रस्त्यावर दाखवायला ते चालतं. आणि मूळ लायसन कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. 'आमच्याकडे सगळ्यांचं जमा असतं' असं जिथे ऐकाल, तिथून चहा पिऊन निघा. लायसन अडकलं की माणूस अडकतो.

कुठला माल, कुठली लाइन

कंपनीच्या नावाआधी हे ठरवा. पहिलं वर्ष सुखाचं जाणार की रडत, हे मालावर आणि लाइनवर जास्त ठरतं.

न्हावा शेवा बंदरातली कंटेनरची लोकल कामं दिसायला सोपी वाटतात. अंतर कमी, रोज उरण-पनवेलच्या आसपास. पण पैसे फेरीवर मिळत असतील तर खरा खेळ रांगेचा असतो. नंबर लागला नाही तर दिवस फुकट, आणि तासन्‌तास केबिनमध्ये बसून जागा सोडता येत नाही. त्यात ट्रेलर मागे घेणं ही वेगळीच विद्या आहे. स्टिअरिंग एकीकडे, ट्रेलर दुसरीकडे. पहिल्याच महिन्यात यार्डात दुसऱ्याच्या गाडीला घासलं तर सहा महिने कापणी चालू राहते.

कळंबोलीचं पोलाद, जालन्याच्या सळया यांना भाडं बरं मिळतं. पण कॉइल किंवा सळई नीट बांधली नाही तर ब्रेक मारल्यावर ती पुढे, केबिनकडे येते. साखळी, लाकडी ठोकळे आणि बांधायची पद्धत कुणी हाताला धरून शिकवणार असेल तरच या लाइनला जा.

भिवंडी आणि चाकणमधून निघणारे ३२ फुटी कंटेनर, पार्सल आणि ऑनलाइन खरेदीचा माल म्हणजे वेळेचं काम. रात्रभर रनिंग, पोचायची वेळ मिनिटात मोजलेली, जीपीएसवर थांबा दिसला की लगेच फोन. गाड्या बहुधा चांगल्या असतात. पण एकट्याने चालवायला लावतात की दोन ड्रायव्हर देतात, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

नाशिकची द्राक्षं, लासलगावचा कांदा हे हंगामी. पहाटेच्या बाजारात पोचायची घाई आणि वाटेत वजनात येणारी घट, ही दोन्ही दुखणी ड्रायव्हरच्या माथी येतात. कांदा वाटेत सुकतो, वजन उतरतं. ती घट कोणाच्या खात्यावर, हे आधी बोलून घ्या. वाळू-मुरमाच्या हायवावर (डंपरवर) पहिली नोकरी धरू नका, एवढंच सांगतो. पेट्रोल-केमिकलच्या टँकरचं नंतर बघू. त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसनवर वेगळी नोंद लागते, आणि चांगल्या कंपन्या तिथे अनुभवीच माणूस घेतात. दोन-तीन वर्षांनी मात्र त्याचा जरूर विचार करा, सुरक्षेची शिस्त तिथे चांगली लागते.

नवख्याला माझं मत विचाराल तर चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यातली ऑटो पार्टची ठरलेली लाइन. रोज तोच रस्ता, तीच गेटं, दोन-तीन दिवसांनी घर. पैसा थोडा कमी मिळेल. पण एकच रस्ता शंभरदा केल्यावर गिअर, ब्रेक आणि आपली झोप हातात बसतात.

मालक कोण आहे

एक-दोन गाड्यांचा मालक असेल तर माणूस कसा आहे यावर सगळं. चांगला भेटला तर घरच्यासारखं सांभाळतो, आजारपणात धावून येतो. पण त्याचं भाडं पार्टीकडे, म्हणजे माल ज्याचा आहे त्याच्याकडे अडकलं की तुमचा पगारही अडकतो. वीस-पन्नास गाड्यांच्या फ्लीटमध्ये सुपरवायझर कसा आहे ते बघायचं, कारण मालक तुम्हाला क्वचितच भेटेल. मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीत पगार तारखेला मिळतो आणि पीएफ असतो, पण कित्येकदा वरचं नाव कंपनीचं आणि गाडी भलत्याच कंत्राटदाराची असते. दारावरचा बोर्ड वाचून खूश होऊ नका. पगार कोणाच्या खात्यातून येणार, हे थेट विचारा.

हिशोब, हिशोब आणि हिशोब

इथे घाई करायची नाही. पगार द्यायच्या साधारण तीन पद्धती आहेत. महिन्याचा ठरलेला पगार आणि रोजचा भत्ता. फेरीवर किंवा किलोमीटरवर पैसे. आणि तिसरी ठोक, म्हणजे एका फेरीसाठी एकरकमी खर्ची देतात, डिझेल, जेवण, वाटखर्च सगळं त्यातच, उरलं ते तुमचं. जुने मुरलेले ड्रायव्हर ठोकमध्ये छान कमावतात. नवा माणूस त्यात बुडतो, कारण कुठे किती लागतं हे त्याला अजून कळलेलं नसतं.

डिझेलचं एक उदाहरण कागदावर मांडू. कळंबोली ते नागपूर जाऊन-येऊन १,६०० किलोमीटर धरा. कंपनी म्हणते, गाडीचं ॲव्हरेज ४.५, तेवढंच डिझेल मिळणार. म्हणजे साधारण ३५६ लिटर. पण गाडी जुनी आहे, भरलेली आहे, कसारा चढायचा आहे, ती ४ च देते. लागलं ४०० लिटर. फरक ४४ लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तरी जवळपास ४,००० रुपये एका फेरीत तुमच्या अंगावर. महिन्यात अशा तीन फेऱ्या म्हणजे १२,०००. आता सांगा, पगार दोन हजारांनी जास्त आहे म्हणून खूश व्हायचं का?

म्हणून विचारायचं असं: 'याच नंबरच्या गाडीचं मागच्या तीन महिन्यांचं ॲव्हरेज किती आलं? भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वेगळं धरता का? घाटाचं काही सोडता का?' चांगला सुपरवायझर वही नाहीतर कॉम्प्युटर उघडून दाखवतो. दुसरा म्हणतो, 'चालवणारा चांगला असेल तर बसतं बरोबर.'

हे फक्त पैशाचं नाही. ॲव्हरेजची फास घट्ट असली की ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतो, काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, दोन-चार वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपते, स्टिअरिंग दगडासारखं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलावर एका ट्रकने ४० हून जास्त गाड्या चेपल्या, तेव्हा प्राथमिक तपासात हेच पुढे आलं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा तो उतार ज्याने भरलेल्या गाडीने उतरलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. जी कंपनी ॲव्हरेजवरून माणसं पिळते, तिच्या गाड्या घाटात कशा उतरतात ते बघा.

टोलचंही तसंच. फास्टॅग मालकाचा असल्यामुळे रोख द्यावं लागत नाही, पण रस्ता कोणता हे ठरवून घ्या. नागपूरच्या लाइनला मालक समृद्धी महामार्गाचा टोल भरणार की जुन्या रस्त्याने जायला सांगून वेळ मात्र समृद्धीचीच मागणार? ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हापासून हा वाद मी रोज ऐकतो.

मग कापणीची यादी. एकेक विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. माल कमी उतरला तर कोण भरणार, आणि सील शाबूत असेल तरीही का? टायर फुटला तर? टायर किती चालला होता हे बघतात की सरसकट कापतात? ई-चलान मालकाच्या नावावर येतं आणि कापलं तुमच्याकडून जातं. वेगाचं असेल तर ते तुमचंच, पण कागद संपल्याचं किंवा दिवा नसल्याचं का भरावं? माल उतरवण्याची वराई (हमाली) कोण देणार? गाडी पार्टीच्या दारात दोन दिवस उभी राहिली तर हॉल्टिंगचे पैसे येतात, त्यात तुमचा वाटा आहे का, निदान भत्ता चालू राहतो का?

आणि उचल. लग्न, दवाखाना, घराचं छप्पर, कारणं खरी असतात. पण रुजू होतानाच पन्नास हजारांची उचल घेतली की वर्षभर त्या कंपनीचे झालात. जमेल तितकी टाळा. घ्यावीच लागली तर किती हप्ते, किती रक्कम, हे कागदावर दोघांच्या सहीने. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करायची नाही, मालक कितीही देवमाणूस असला तरी.

यार्डात एक चक्कर

ऑफिसात बोलणं झालं की 'जरा गाड्या बघून येतो' म्हणून निघा. तीन-चार गाड्यांचे नंबर टिपा आणि एम-परिवहन ॲपवर टाका. फिटनेस, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी होतं. तीनपैकी एकीचाही विमा संपलेला दिसला तर विचार करा, अपघात झाला तर कोर्टाच्या खेपा कुणाला?

मग टायर. पुढच्या दोन टायरवर रिमोल्ड (जुन्या टायरवर नवीन रबर) चढवलेलं दिसलं तर मी ती गाडी हातात घेत नाही. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, बोटाने चाचपलं तरी अंदाज येतो. चाकापाशी तेल गळतंय का, मागचे दिवे लागतात का, आग विझवायचा सिलिंडर जागेवर आहे का. केबिनमध्ये चढा आणि ड्रायव्हरच्या गादीवर बसा. माणसाला झोपायला जागा कशी दिलीय, त्यावरून मालकाच्या मनात त्याची किंमत काय ते कळतं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. पण फ्लीटमधल्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या असतात, नव्याला बहुधा त्यातलीच जुनी मिळते.

शेवटी गेटबाहेरच्या टपरीवर. तिथल्या ड्रायव्हरला 'कंपनी कशी आहे?' असं विचारू नका, 'बरी आहे' एवढंच ऐकाल. विचारा, 'मागचा हिशोब कधी झाला?' 'इथे किती वर्षं झाली?' 'रात्री दोनला गाडी बंद पडली तर फोन कोण उचलतं?' तिसऱ्या प्रश्नाला माणूस हसला तर उत्तर मिळालं.

जाता जाता 'पासिंग', म्हणजे गाडीला कायद्याने किती वजन चालतं, तेही विचारा. तीन ॲक्सलच्या गाडीला गाडीसकट साधारण २८ टन. काट्याच्या पावत्यांवर ३४-३५ दिसत असेल तर ती कंपनी ओव्हरलोडवर चालते. कायद्यात दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. दंड मालक भरेलही कदाचित. पण ब्रेक लागला नाही तर स्टिअरिंगवर तुम्ही असणार.

अपघात झाला तर?

हा प्रश्न विचारायला नव्याला संकोच वाटतो. विचाराच. वकील कोण देणार, जामिनाला कोण येणार, गाडी पोलीस ठाण्यात असेपर्यंत पगार चालू राहणार का. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून गेल्यास १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं जे उपकलम होतं, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये चक्का जाम झाला आणि पंपांवर रांगा लागल्या, ते लागू करणं सरकारने थांबवलं. पण जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी मोटार वाहन कायद्यात आहेच. जमावाची भीती खरी असते, मलाही एकदा वाटली होती. अशा वेळी ११२ ला फोन करून जवळच्या ठाण्यात हजर व्हा, आणि फोन केल्याची वेळ जपून ठेवा.

चांगली कंपनी या प्रश्नावर चिडत नाही. तिच्याकडे एक नंबर असतो आणि एक माणूस असतो.

लेखी काय घ्यायचं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं. मागितलं तर 'आपल्याकडे तसलं काही नसतं' हे उत्तर आता चालत नाही. निदान पगार, भत्ता, कापणीचे नियम व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि 'बरोबर आहे ना साहेब?' असं विचारून 'हो' मिळवा. २० किंवा जास्त माणसं असतील तिथे पीएफ, १० किंवा जास्त असतील तिथे २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा). पीएफ खात्याचा यूएएन नंबर घ्या आणि दोन महिन्यांनी उमंग ॲपवर पैसे खरंच जमा झाले का ते बघा. पगारातून कापून पुढे न भरणारे भेटतात.

कामाचे तास म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ ही चौकट आहे. रस्त्यावर ती कोण पाळतं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कायद्याचं नाव न घेता विचारा, 'कळंबोलीहून संध्याकाळी निघालो तर नागपूरला कधी पोचायचं?' उत्तरात झोप बसते का, ते स्वतः मोजा.

पहिल्या फेऱ्या

उस्तादाबरोबर, म्हणजे जुन्या अनुभवी ड्रायव्हरबरोबर, दोन-तीन फेऱ्या मागा, त्यांचा भत्ता कमी मिळाला तरी चालेल. लायसनच्या परीक्षेला चालवलेली रिकामी गाडी आणि २८ टनांची भरलेली गाडी यांचा काही संबंध नसतो. खंबाटकी उतरताना कोणत्या गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर वेग कमी करणारा) कधी लावायचा, हे शेजारी बसूनच कळतं. जी कंपनी पहिल्याच दिवशी चावी देऊन 'जा नागपूरला' म्हणते, तिला ड्रायव्हरची किती निकड आहे आणि का, हे कुणाला तरी विचारा.

एक शंभर पानी वही ठेवा. निघाल्याचं आणि पोचल्याचं किलोमीटर, डिझेल किती आणि कुठे भरलं, खर्ची किती मिळाली, थांबा किती तास, पोच पावतीचा फोटो. महिनाअखेरीला मुनीमजींची वही आणि तुमची वही शेजारी ठेवा. पहिल्या हिशोबात फरक आला तर गोड बोलून विचारा. दुसऱ्यात आला तर लेखी विचारा. तिसऱ्यातही तसंच झालं तर शोधायला लागा, पण पुढची गाडी पक्की झाल्याशिवाय ही सोडू नका. पैसे अडवून ठेवले तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो, तिथे ती वही आणि व्हॉट्सॲपचा तो 'हो' कामाला येतो.

सोडताना गाडी रस्त्यात किंवा पंपावर लावून निघून जायचं नाही. यार्डात आणा. जॅक, पाना, स्टेपनी, ताडपत्री, दोरखंड, कागदांची फाइल, मीटरचा आकडा, टाकीतलं डिझेल, हे सगळं एका कागदावर लिहा, घेणाऱ्याची सही घ्या आणि चारही बाजूंनी गाडीचे फोटो काढा. माझ्या त्या पहिल्या कंपनीने मी सोडल्यावर दीड महिन्याने स्टेपनीचे पैसे मागितले होते.